डब्यावरची चिठ्ठी

घाटकोपर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. चेतना हिस,
सप्रेम जय भीम.

त्या रविवारी, नऊ फेब्रुवारीला, मी पहाटे साडेपाचला उठलो. आंघोळ करून पांढरा सदरा घातला, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. तू मटणाचं लोणचं पाठवलं होतंस तो स्टीलचा डबा आठवडाभर आमच्याकडेच होता. तुझ्या वहिनीनं तो घासूनपुसून पालथा घातला होता. आदल्या दिवशी आमच्या रसायनांच्या दुकानातून आणलेली पूड मी एका कोऱ्या पिशवीत भरली, कारण दुकानातल्या पिशवीला मसाल्याचा वास येत होता. पिशवीला गाठ मारली. ती डब्यात ठेवली. झाकण लावलं. सात वाजता मुलुंडला तुमच्या दारात होतो. तू आंघोळीला गेली होतीस. डबा तुझ्या सासूच्या, शांतामावशींच्या हातात दिला आणि निघालो, कारण साडेआठला विहारात वंदना होती आणि ती मला सांगायची होती.

एवढंच मी केलं. नऊ महिने मी ही सकाळ रोज पहिल्यापासून करतो आणि दारापाशी येऊन थांबतो.

तू फोन उचलत नाहीस. तुझा बोरिवलीचा पत्ता रुचिराकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. तुझी मैत्रीण आहे म्हणूनच तिनं आधी दोनदा नाही म्हटलं आणि मग दिला. पत्र फाडलंस तरी चालेल. पण फाडण्याआधी वाच.

त्या पुडीचं नाव मी इथे लिहीत नाही. मांस टिकवायची, रंग लाल ठेवायची ती पूड तूच मागितली होतीस. लोणच्याच्या ऑर्डरी वाढल्या होत्या, सहा महिने टिकलं पाहिजे म्हणून लोक मागे लागले होते. दिसायला मिठासारखी. त्या सकाळी तुझ्या बचत गटाचं प्रदर्शन होतं, तू घाईत होतीस. ओट्यावरचा डबा उघडून पाहिलास आणि सासूला म्हणालीस, "आई, वहिनीनं मीठ घातलंय, बरणीत ओता." तुझ्या नवऱ्यानं, केतननं ते ऐकलं. मावशींनी दुपारच्या आमटीत तेच घातलं. संध्याकाळपर्यंत मावशी गेल्या. केतन उशिरा जेवायला बसला, दोन घास खाऊन उठला, म्हणून वाचला. सपना क्लासला होती.

तू पोलिसांना सांगितलंस की पिशवीवर चिठ्ठी नव्हती, म्हणून तुला मीठ वाटलं. मी जबाबात लिहून दिलं की चिठ्ठी लावली होती. पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवले. मुलुंडच्या घरानं मिटवले नाहीत. त्यांनी माझं खरं मानलं. धोक्याची चिठ्ठी फाडून सासूला विष मीठ म्हणून देणारी सून, असं तुझ्याबद्दल बोललं गेलं, तू घराबाहेर पडलीस, आणि तुझी लेक सपना तिथेच, केतनजवळ राहिली.

तुला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. अशा पुड्यांच्या विक्रीवर बंधन आणणारा कायदा येतोय म्हणतात. आमच्या दुकानाच्या शेठनी त्यावर काही लिहायला सांगितलं आहे. सविस्तर पुढे लिहीन.

रात्री खिडकी उघडी टाकून झोपू नकोस, तुला लगेच सर्दी होते.

तुझा दादा,
अंबादास


घाटकोपर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. चेतना,
सप्रेम जय भीम.

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं असं धरतो.

कायद्याचा मसुदा शेठनी छापून आणला. चार पानं आहेत. कच्चाच आहे अजून. त्यात म्हटलं आहे की टिकवणीच्या काही रसायनांची सुटी विक्री बंद, कारखान्याच्या सीलबंद डब्यातच विकायची, डब्यावर धोक्याची खूण हवी. घेणाऱ्याकडे परवाना हवा. घरगुती गिऱ्हाइकाला अजिबात द्यायची नाही. दहा डिसेंबरला सुनावणी आहे, तोवर हरकती मागवल्या आहेत.

बुधवारी दुकानात आजूबाजूचे पाच-सहा व्यापारी जमले होते. अनंतशेठ तुला ठाऊक आहेत. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी शाईची पूड विकायला सुरुवात केली, त्यातून हे दुकान झालं. मी गावाहून आलो तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. या माणसानं माझं अक्षर बघून मला काउंटरवर उभं केलं. ते मी विसरत नाही.

ते म्हणाले, "अंबादास, हरकत तू लिही. वकिलाचं कोण वाचतो? तुझं अक्षर बघून साहेब पान उलटायचा नाही."

"काय लिहू?"

"आहे ते. चोवीस वर्षं उभा आहेस इथे. पुडी तिथे चिठ्ठी. एक चूक दाखवा म्हणावं. आणि सुनावणीत तूच वाच. मी बोललो की भांडल्यासारखं वाटतं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मुलुंडचं मनात आणू नकोस. ते घरातल्या बाईनं केलं. तूच लिहून दिलंयस ना?"

"हो."

"मग झालं तर. उगाच गजाली नकोत."

घरातली बाई म्हणजे तू. माझ्या मालकानं माझ्यासमोर माझ्या बहिणीला असं म्हटलं, आणि मी 'हो' म्हणालो.

शेठचं सगळंच चुकीचं आहे असं नाही. परवा चेंबूरच्या रत्नप्रभाताई आल्या होत्या, लिंबाचं सरबत करून विकतात त्या. मसुद्याचं ऐकून तापल्या. "मला काय मारेकरी समजले का हो दादा? चिमूटभर लागतं मला. परवान्याचा फॉर्मच सात पानी! माझ्या नवऱ्याला एवढी वर्षं टिकवलं ते बिनपरवान्याचंच." सगळं दुकान हसलं. मीही हसलो. मग त्यांची पुडी बांधली, चिठ्ठी लिहिली, नाव, कशासाठी, लहान मुलांपासून दूर ठेवा, आणि टाचणीनं पक्की लावली. हात आपोआप चालतो. धोंडिराम गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेली अक्षरं आहेत. चोवीस वर्षांत एकही गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय दुकानाची पायरी उतरलं नाही. हे मी तुला शपथेवर सांगू शकतो.

त्याच रात्री हरकत लिहायला बसलो. पहिली ओळ चांगली उतरली. 'सदर दुकानात गेली चोवीस वर्षे प्रत्येक पुडीस माहितीची चिठ्ठी लावूनच विक्री केली जाते.' दुसरी ओळ सुचेना. कागद घडी करून धम्मपुस्तकात ठेवला, मग तिथून काढून कपाटात ठेवला.

विहारात वंदना हल्ली देवदत्त सांगतो. घसा बसलाय, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. घसा चांगला आहे. पंचशील घेताना पहिली तीन शीलं सरळ म्हणता येतात. चौथं खोटं न बोलण्याचं, त्याला मी नुसते ओठ हलवतो.

तुझा दादा


घाटकोपर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. चेतना,

काल मुलुंडला गेलो होतो. सपनाची खुशाली कळवायची म्हणून गेलो, असं मी स्वतःला सांगितलं.

सपना उंच झाली आहे. वेणी स्वतःच घालते. एक बाजू वर, एक खाली. तुझा निळा स्वेटर घालून बसली होती, बाह्या दुमडून. अभ्यासात बरी आहे. जेवते.

केतन दार उघडून म्हणाला, "या दादा. तिची बाजू घेऊन आला असाल तर चहा घ्या आणि निघा."

मी म्हटलं, "सपनाला बघायला आलो."

चहा त्यानंच केला. ओट्यावर आता मिठाची बरणी नाही. मीठ पिशवीतच ठेवतात, पिशवीला कपड्यांचा चिमटा लावून, नाव समोर येईल अशी. साखरेचंही तसंच. भिंतीवर मावशींचा फोटो आहे, प्रौढ वर्गाचं प्रमाणपत्र हातात घेतलेला.

कप ठेवता ठेवता केतन बोलायला लागला. त्याचं त्यालाच राहवत नव्हतं.

"लोक म्हणतात तसं मी म्हणत नाही, दादा. तिनं मुद्दाम केलं असं मी कधी म्हटलेलं नाही. घाईत होती, चिठ्ठी गळून पडली असेल, तिनंच काढून टाकली असेल. माणसाकडून चूक होते यार. पण कबूल कर ना! एकदा म्हण ना, की माझं चुकलं. मी आईच्या फोटोसमोर तिला घरात घेतली असती. पण नाही. नऊ महिने एकच पालुपद. चिठ्ठी नव्हतीच. नव्हतीच म्हणजे काय? म्हणजे तुम्ही खोटं बोलता? विहारात वंदना सांगणारा माणूस? आमच्या आईला तुमच्याबद्दल काय वाटायचं माहितीये तुम्हाला?"

मी चहा प्यायलो. तो फार गोड होता.

चेतना, मी तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात सपना आतल्या खोलीतून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, चिठ्ठी कुठल्या पेनानं लिहिली होती?"

केतन म्हणाला, "सपना, आत जा."

"पप्पा, एकच विचारते. निळ्या की लाल?"

मी म्हटलं, "लाल."

म्हणालो तसं. दुकानात धोक्याच्या पुडीला मी लाल वापरतो, म्हणून तोंडातून आलं.

ती म्हणाली, "मी त्या दिवशी कचऱ्याचा डबा उलटा केला होता. सगळं वेगळं करून बघितलं. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या मोठ्या डब्यातपण बघितलं. लाल अक्षराचा कागद कुठेच नव्हता. आणि आजी सगळं वाचायची, मामा. चिंचेच्या गोळीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. मग तुझी चिठ्ठी का नाही वाचली?"

केतन तिच्याकडे बघत होता. हे तिनं त्याला कधी सांगितलं नसावं.

मी उठलो. बसची वेळ झाली, असं काहीतरी म्हणालो. जिन्यात माझ्या पायांत वहाणा उलटसुलट होत्या ते खाली गेल्यावर कळलं.

तुझा दादा


घाटकोपर
शनिवार, ६ डिसेंबर २०२५

चेतना,

आज सहा डिसेंबर. दर वर्षी मी आदल्या रात्रीच दादरला रांगेत उभा असतो. यंदा गेलो नाही. तुझ्या वहिनीला तिच्या भावाबरोबर पाठवलं. मी घरी आहे. दार लावलेलं आहे. आता लिहितो.

चिठ्ठी नव्हती.

मी ती लिहिलीच नव्हती. विसरलो नाही, पडली नाही, हरवली नाही. पिशवी भरताना पेन समोर होता. मनात आलंही. आणि मला वाटलं, घरच्या माणसाला कसली चिठ्ठी? चेतनाला ठाऊक आहे, तिनंच मागवली आहे. परक्या गिऱ्हाइकाला मी चोवीस वर्षं लिहून दिलं आणि माझ्या बहिणीला तोंडी चालेल म्हटलं. तोंडी तरी काय सांगितलं होतं मी? फोनवर म्हणालो होतो, पुढच्या रविवारी आणतो. ती आठ दिवस आधी मिळाली म्हणून तुला बरं वाटेल, असा विचार केला. म्हणजे तुला ठाऊकही नव्हतं की ती त्या दिवशी येणार आहे.

दादाची पुडी चिठ्ठीशिवाय येत नाही, हे तुला लहानपणापासून पाठ. डबा उघडलास, चिठ्ठी नाही, पांढरं काहीतरी गाठ मारून ठेवलेलं. तू जे समजलीस तेच कुणीही समजलं असतं, कारण आपल्या घरातून कुणाचा डबा कधी रिकामा परत गेला नाही. आई काही नसलं तर मूठभर मीठ घालायची. तुझी वहिनीही घालते. शांतामावशींनाही ते माहीत होतं.

आता दारातलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

मावशींनी डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, "काय रे अंबादास, रिकामाच आणलास की काय?"

मी हसून म्हटलं, "रिकामा कसा आणीन मावशी? आपल्यात चालतं का?"

त्यांनी डबा कानाशी धरून हलवला. "जड आहे रे बाबा! माझ्या सुनेचं माहेर भारी आहे." आणि हसल्या. "ये ना आत, चहा टाकते."

"वंदनेला उशीर होतोय. चेतनाला द्या."

एवढं बोलून जिना उतरलो. 'यात औषधाची पूड आहे, कुणी हात लावू नका' एवढं सांगायला किती वेळ लागतो? मी नंतर घड्याळ लावून पाहिलं आहे. चार सेकंद. त्या दिवशी मी विहारात वेळेवर पोचलो. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी नेहमीसारखं कौतुक केलं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी घाबरलो होतो. साहेब म्हणाले, "चिठ्ठी लावता का?" मी म्हटलं, "लावतोच." त्यांनी लिहून घेतलं. मी रोजचं सांगितलं होतं, त्या दिवसाचं नाही. मग कागद माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, तुमच्याच हातानं लिहा, या डब्याला चिठ्ठी लावली होती म्हणून. मला तिथेच थांबता आलं असतं. मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. वाटलं, तपास संपेल, तुलाही त्रास होणार नाही, अपघात होता, अपघातच ठरेल. माझ्या एका ओळीनं तुझं घर जाईल हे मला त्या क्षणी कळलं नाही. आठ दिवसांत कळलं. मग गप्प राहिलो. ते मात्र घाबरून नव्हतं. विहारातलं माझं आसन, दुकानातलं माझं नाव, लोक 'अंबादासजी' म्हणतात ते, हे सगळं एका बाजूला होतं आणि तू दुसऱ्या बाजूला. मी नऊ महिने रोज निवडत होतो.

माझ्या चांगुलपणाच्या नावावर केतननं तुला खोटं ठरवलं. हे मला सर्वांत जड जातं.

विषाचा व्यापार करू नये असं आपल्या धम्मात सांगितलं आहे. मी नेहमी मनाशी म्हणायचो, हे विष कुठे, ही टिकवणीची पूड. तेही आज म्हणणार नाही.

बुधवारी सुनावणी आहे. शेठ समजतात की हरकत लिहून तयार आहे.

मी दुसरा कागद लिहितो आहे. तो दिल्यावरच तुला पुढचं पत्र लिहीन. दिला नाही तर लिहिणार नाही. तेव्हा हे शेवटचं समज.

दादा


घाटकोपर
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

चि. चेतना हिस,
सप्रेम जय भीम.

मंगळवारी दुकान बंद करताना शेठना सांगितलं, "मी वेगळं लिहिलंय. आधी तुम्ही वाचा."

ते उभ्यानंच वाचू लागले. मग स्टुलावर बसले.

"वाट लावलीस रे."

"दुकानाचं नाव घातलेलं नाही, शेठ. माझं घातलंय."

"ते काय कळायचं राहणार आहे?" त्यांनी कागद परत केला. फेकला नाही, घडीवर घडी पाडून दिला. "तुझ्या बहिणीला मी काय काय बोललो असेन, आणि तू ऐकून घेतलंस. चोवीस वर्षांत मला तुझा राग आला नव्हता, आज आला. किल्ली ठेव."

मी किल्ली तराजूच्या पारड्यात ठेवली. ते पारडं खाली गेलं, आणि आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो.

काल सकाळी आधी पोलिस ठाण्यात गेलो. ते साहेब बदलून गेले आहेत. नव्या बाई आहेत. त्यांनी जुने कागद मागवले, माझा जबाब वाचला आणि विचारलं, "आता का?"

मी म्हटलं, "आधी यायला हवं होतं."

"तुमच्यावर काय होऊ शकतं, कल्पना आहे ना?"

"आहे."

नवा जबाब घेतला. दारातलं बोलणंही सांगितलं, मावशींचं 'जड आहे रे बाबा' सकट. बाईंनी लिहिता लिहिता एकदा पेन थांबवला. बोलावल्यावर हजर राहायचं आहे, न सांगता मुंबईबाहेर जायचं नाही. पोच घेतली.

दुपारी सुनावणीला गेलो. माझं नाव शेठच्या यादीत होतं, ते त्यांनी काढलेलं नव्हतं. स्वतः मात्र मागच्या खुर्चीत बसले होते. रत्नप्रभाताईही आल्या होत्या, फॉर्मच्या सात पानांबद्दल भांडायला, आणि चांगलं भांडल्या. माझी पाळी आली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "मसुद्याच्या बाजूनं की विरोधात?"

मी म्हटलं, "साहेब, आधी घडलेलं वाचतो."

वाचलं. 'अंबादास' पासून सुरुवात केली. आवाज हलला, पण बसला नाही. शेवटी एवढंच मागितलं की या बायांचा धंदा बुडेल असं काही करू नका, त्यांना परवाना सोपा करा, पण बिनचिठ्ठीची पुडी कुणालाच देऊ देऊ नका. गिऱ्हाईक दुकानदाराच्या ओळखीचं असेल तर दुप्पट काळजी घ्यायला लावा. परक्याला आम्ही लिहून देतो. माझ्या घरात माणूस गेलं ते ओळखीमुळे गेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अधिकाऱ्यांनी कागद घेतला, त्यावर क्रमांक टाकला आणि पुढचं नाव पुकारलं. कायदा होईल की नाही, झाला तर कसा होईल, ते मला ठाऊक नाही. बाहेर येताना शेठनी माझ्याकडे पाहिलं नाही. रत्नप्रभाताईंनी पाहिलं, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली.

संध्याकाळी मुलुंडला गेलो. आत गेलो नाही, दारातच उभा राहिलो, फेब्रुवारीत उभा होतो तिथेच. जबाबाची प्रत केतनच्या हातात दिली. त्यानं वाचली. पहिल्यांदा त्याला कळलं नसावं, कारण त्यानं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. मग त्यानं दाराची चौकट धरली.

"तुम्ही चहा प्यायलात," तो म्हणाला. "माझ्या हातचा चहा पिऊन गेलात त्या दिवशी."

"हो."

"निघा दादा. आत्ता निघा."

सपनानं त्याच्या हातातून कागद घेतला आणि उभ्यानं, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला. आजीसारखा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, आईला फोन लावू?"

केतन आत गेला. त्याचा मोबाइल टीव्हीवर होता, तो त्यानं उचलला नाही. सपनानं उचलला. मी जिना उतरू लागलो, म्हणून पुढचं मला माहीत नाही. तुला असेल.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही. पोलिस ठाण्याची पोच आणि जबाबाची एक प्रत सोबत टाचून पाठवली आहे. त्यावर लाल शाईनं एक चिठ्ठी लावली आहे, कुणी विचारलं तर दाखवता यावी म्हणून. तीत तारीख आहे, त्या पुडीचं पूर्ण नाव आहे, माझी सही आहे आणि खाली एकच ओळ आहे: चेतना पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

तुझा दादा,
अंबादास